परत करायची मुदत : रविवार

खोक्यावर माझं नाव : उज्वला.
एकच ज.
दहावीच्या सर्टिफिकेटवरही एकच आहे.
दुसरा कुठे सांडला, कुणी विचारलं नाही,
मीही नाही, डी.एड.ला जाईपर्यंत.

आत शुद्धलेखनाचे तीन संच.
आवडेल तो ठेवा, बाकीचे दहा दिवसांत परत.
आज नववा.

पहिला नियमांचा.
इकारान्त, उकारान्त, उपान्त्य,
अपवाद पुढच्या पानावर,
अपवादांचे अपवाद शेवटी, बारीक अक्षरात.
हेमराज दुकानातून वर आला, तांब्याची तार हातात तशीच,
दोन पानं वाचून म्हणाला,
यापेक्षा थ्री फेजची मोटर भरणं सोपं.

दुसरा चित्रांचा. गुळगुळीत पानं,
आगबोट, हिमनदी, किनारा.
अमळनेरात जे कधी येणार नाही
त्याच्या वेलांट्या रूहीनं गिरवल्या, रंगवल्याही,
मग विचारलं, यात बोरी नाही का?
नदी की झाडं, ते सांगितलं नाही.

तिसरा श्रुतलेखनाचा. रोज पाच शब्द.
पालकांनी स्पष्ट उच्चारावेत, मुलांनी ऐकून लिहावेत.
पातळसं पुस्तक, सगळ्यात स्वस्त.
मनातून मी हाच ठेवला होता.

मिहिर दुसरीत होता तेव्हा
पानापानावर इतके लाल गोल, की म्हणाला,
माझ्या वहीला गोवर आलाय.
हसलो आम्ही.
मग रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं,
रविवार सोडून.
दिवाळीनंतर पाठवलाच नाही.
शेजारी विचारतात, पोरगं घरी कसं?
सासरे सांगतात, सुट्टी आहे.
फेब्रुवारी चालू आहे.

काल भाकरी टाकून झाल्यावर,
हाताला पीठ तसंच,
मी सांगत गेले : नदी. दिवा. भरीत. पाऊस. माळ.
तो जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होता,
एकेक अक्षर चघळत.
पाहिलं. नदी बरोबर. दिवा बरोबर.
भरीतसुद्धा, री दीर्घ, वांग्याच्या देठासारखी वळलेली.
पाऊसही.
शेवटी : माय.

माळ रे, म्हटलं, गळ्यात घालतात ती.
"तेच तर लिहिलं. माय."
पुन्हा सांगितलं. पुन्हा माय.
तिसऱ्यांदा सांगताना
मीच ऐकलं मला.

नाशिकला, डी.एड.च्या पहिल्याच पाठात
मी शाया म्हणाले होते.
मागच्या बाकांवरून तो शब्द वर्षभर परत येत राहिला.
तेव्हा ळ शिकले, होस्टेलच्या आरशापुढे,
जीभ टाळूकडे उलटी वळवून.
बाहेर जाताना घालते तो,
बँकेत, फोनवर, पालकसभेत.
घरी आले की खुंटीला.
स्वयंपाकघरात केयी, डोया, कायी माटी,
कयनानी भाकर.

पोरानं कान दिला
आणि कानावर पडलं ते
एक मात्रा न सांडता उतरवलं.
यात लाल गोल कुणाभोवती काढायचा?

पेनचं टोपण काढलं होतं. लावलं.
मायच्या शेजारी लिहिलं माळ,
म्हटलं, वाच दोन्ही.
पहिला वाचला. दुसऱ्यापाशी थांबला.
"हे अक्षर तोंडात कुठून काढायचं?"

मग दोघं आरशापुढे. रूही मध्येच घुसली.
ल येत होता, ड येत होता,
एकदा तर नुसती थुंकी.
खालून हेमराज ओरडला,
"काय करी राहिनात रे?"
"माळ करी राहिनूत!" रूही म्हणाली,
आणि तो ळ होता की काय होतं,
तिलाही पुन्हा जमलं नाही.

दोन संच खोक्यात भरले.
तिसऱ्याच्या प्रत्येक पानावर
डावीकडे एक समास आखला, घरच्या शब्दांसाठी.
त्यात काय काय येईल माहीत नाही.
दुपारी कुरियरवाला आला.
पावतीवर मी नाव लिहिलं, दोन्ही ज घालून,
खाली व जोडून, नीट.
तो म्हणाला, ताई, खोक्यावर आहे तसंच लिहा,
नाहीतर परत जात नाही.

खोडलं.
लिहिलं एकच.
मिहिर कोपरापाशी उभा राहून वाचत होता.